कागद आयलो?

सात वर्षं झाली, ही गोष्ट माझ्या तोंडून एकदाही बाहेर पडलेली नाही. मित्रांना सांगितली नाही, कामावरच्या माणसांना नाही. मनामाच्या देवळात हात जोडून उभा राहायचो तेव्हाही नाही — तिथे तर मी मुद्दाम तब्येत, बढती, मुलीचा अभ्यास असलं काहीबाही मागत राहायचो, म्हणजे हा विषय निघायला नको. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि ओळखत असलात तर — तर काय? सांगायला बसलोय, आता सांगतोच.

बहारीनमध्ये मी एकवीस वर्षं आहे. जनाबियाला अठ्ठावीस व्हिलांचं एक कंपाउंड आहे, तिथल्या मेंटेनन्सचा मी सुपरवायझर. एसी थंड करत नाही, पाण्याचा पंप बसला, मॅडमचं बाथरूमचं दार आतून अडकलं — की फोन मला. हाताखाली नऊ माणसं. राहायला मनामातल्या हूऱ्यात, तिसऱ्या मजल्यावर. खाली इस्त्रीवाला, समोर हॉटेल, आणि गाडी लावायला जागा कधीच नाही. गाव कुडाळजवळचं. नाव सांगत नाही. मी भित्रा माणूस आहे, ते पुढे कळेलच.

बायको गोव्याची, डिचोलीकडची. तिचं नाव — बघा, इथेच अडकायला होतं. माहेरचं नाव सुलक्षा. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने मी मानसी लिहिलं. हे नाव मी आठ दिवस आधी ठरवून ठेवलं होतं आणि कुणाला सांगितलं नव्हतं. लिहिताना घाईत ‘सी’ची वेलांटी ताटाबाहेर गेली. सगळे हसले, तीही हसली. नंतर कधीतरी मी विचारलं, आवडलं का तुला? ती म्हणाली, आवडलं, पण कुणी हाक मारली की मागे वळून बघायला अजून वेळ लागतो. मी तेव्हा ते गमतीवारी नेलं.

लग्नाच्या नोंदणीचा फॉर्म भरला नानांनी. नाना म्हणजे माझे चुलते. वडील लवकर गेले, नानांनीच मला वाढवलं. आयुष्यभर पोस्टमन होते आणि अक्षर असं, की गावातल्या सगळ्यांचे फॉर्म त्यांच्याकडेच यायचे. माझ्या लग्नाचा फॉर्म तर त्यांनी अंघोळ करून, देवापुढे ठेवून भरला. आणि वधूचं नाव या रकान्यात मोठ्या कौतुकाने लिहिलं — मानसी. सुलक्षा कुठेच नाही. आमच्याकडे कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. सून घरात आली, तिचं नाव मानसी झालं, मग फॉर्मवर दुसरं काय लिहायचं? तिचा पासपोर्टही मग त्याच नावाने झाला, आणि त्यावर ती माझ्या मागोमाग बहारीनला आली. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून ईरा डिचोलीला झाली. तिथल्या दवाखान्यात आजोबांनी आईचं नाव सांगितलं सुलक्षा. ते तरी दुसरं काय सांगणार होते?

आता तो पोर्तुगालचा भाग. तुम्हाला ठाऊक असेल, गोव्यात पोर्तुगीज अमलात जन्मलेल्या माणसांची लिस्बनच्या दफ्तरात जन्मनोंद करता येते, आणि मग त्यांच्या मुलांचीही. तिच्या वडिलांनी तो अर्ज आमच्या लग्नाआधीच टाकला होता. आम्ही सगळे विसरूनही गेलो होतो. ईरा चार वर्षांची असताना एक दिवस डिचोलीहून फोन आला की नोंद झाली. सुलक्षा — सासऱ्यांचं नाव — आडनाव — पोर्तुगालची नागरिक. अविवाहित. ‘अविवाहित’ वाचून आम्ही दोघं स्वयंपाकघरात उभे राहून पोट धरून हसलो. मी तिला म्हटलं, मग आता चांगलं स्थळ बघूया तुझ्यासाठी.

हसणं तेवढ्यावरच संपलं. तिने भारताचा पासपोर्ट परत केला त्या दिवशी ती घरी येऊन नुसती बसून राहिली, चहासुद्धा घेतला नाही. पण मनाने ठरवलं होतं. तिचा थोरला भाऊ लिस्बनजवळच्या एका गावात होताच. इथे काय होतं? ती दाताच्या दवाखान्यात असिस्टंट, मी एसीवाला, आणि बहारीन म्हणजे नोकरी आहे तोवर घर. नोकरी गेली की खलास, सामान बांधा. तिथे ईराचं शिक्षण होईल, म्हातारपणी कुणी जा म्हणणार नाही. आणि मला — हे ती पुन्हा पुन्हा सांगायची — मला तिथे कुणाच्या मेहेरबानीने यायचं नाही. तिथल्या नागरिकाच्या नवऱ्याला तिथे राहायचा हक्कच असतो. पुढे अर्ज केला तर नागरिकत्वही मिळतं. फक्त आधी तिचं लग्न तिथल्या दफ्तरात नोंदवायला हवं.

आणि तिथेच गाडी अडली. त्यांच्या दफ्तरातली नागरिक सुलक्षा. आमच्या दाखल्यावरची बायको मानसी. मग सुलक्षाचा नवरा कोण? कुणीच नाही. ईराची अडचण नव्हती, तिच्या जन्मदाखल्यावर सुलक्षाच होती. मायलेकी कागदावर बरोबर जुळत होत्या. बाहेर राहिलो होतो तो मी एकटा, आणि तेही मीच तांदळावर लिहिलेल्या नावामुळे. इथला तिचा व्हिसा नव्या पासपोर्टवर करताना कंपनीच्या माणसाने चार कागद जोडून निभावलं. लिस्बनला निभावणार नव्हतं. तिथल्या वकिलाने सांगितलं — सुलक्षा आणि मानसी एकच बाई, असा गावच्या तहसीलदाराचा दाखला आणा, सही-शिक्क्यासह. तो आला की लग्न नोंदवू, नवऱ्याला बोलावून घ्या.

तिने इथे वकिलातीत जाऊन प्रतिज्ञापत्र केलं, ते मी नानांना पाठवलं. नाना तेव्हा सत्तरीच्या पुढचे. आपल्या हातून चूक झाली हे कळल्यावर दोन दिवस ते जेवले नाहीत म्हणे. मग उठले आणि आठ महिने कुडाळच्या कचेरीत खेटे घातले. गावात जबाब झाले, लग्नाला हजर होते त्या चार माणसांच्या सह्या झाल्या. साहेब बदलला, परत पहिल्यापासून. उन्हातान्हात, एसटीने. मला फोनवर एवढंच म्हणायचे, होतला, तू काळजी करू नको.

दाखला झाला.

हो. झाला. तो माझ्याकडे आला. आयुष्यभर टपाल वाटलेल्या त्या माणसाचा टपालावर काडीचा विश्वास नव्हता. बहारीनला परत येणाऱ्या एका ड्रायव्हरच्या हातून त्यांनी तो पाठवला. आपल्याकडची सगळी माणसं पाठवतात तसाच — कुळथाच्या पिठाची पिशवी, आमसुलांची पुडी, आणि मधे प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला कागद. हूऱ्यात माझ्या इमारतीखाली गाडी उभी करून त्याने पिशवी दिली आणि गेला. मी माझ्या गाडीत बसूनच उघडली. आमसुलं पाझरली होती. कागदाच्या एका कोपऱ्याला लालसर डाग होता, बोटभर. शिक्का स्वच्छ, सही स्वच्छ, आणि मजकूर अगदी स्पष्ट — की सुलक्षा आणि मानसी या एकच व्यक्ती असून अमुक अमुक यांच्या पत्नी आहेत.

त्या दिवशी तिच्या विमानाला नऊ दिवस होते. ईराच्या शाळेची तारीख चुकू नये म्हणून दोघी पुढे जाणार होत्या, कागद आला की मी मागून. मी कागद शर्टाच्या आत घातला आणि वर गेलो. खरं सांगतो, तो तिच्या हातात द्यायलाच मी वर गेलो होतो. ती जमिनीवर बसून बॅग भरत होती, केस वर बांधलेले, तोंडात पिन. माझं सीपीआर कार्ड, म्हणजे इथलं ओळखपत्र, टेबलावर पडलं होतं. तिच्या कार्डावर इतकी वर्षं प्रायोजक म्हणून माझं नाव यायचं. तिने माझं कार्ड उचललं, बघितलं, पिन काढली आणि हसत म्हणाली,

“इतकीं वर्सां हांव तुमच्या व्हिजार. आतां तुमी म्हज्या व्हिजार!”

एवढंच. थट्टा होती. अशी थट्टा ती रोज करायची, आणि मी तिच्या दुप्पट करायचो. त्या दिवशी मीही हसलो. म्हटलं, होय बाई, आता तू साहेब. आणि कागद शर्टातच राहिला.

का? सात वर्षं मी हा प्रश्न स्वतःला विचारतोय आणि दर वेळी वेगळं उत्तर देतोय. कंपाउंडमध्ये तेव्हा सोळा नंबरला एक युरोपियन मॅडम होती, शाळेत शिकवणारी. तिचा नवरा ट्युनिसचा. एकदा मी एसी उघडायला गेलो तर तो माझ्याजवळ फरशीवर बसला आणि म्हणाला, मला दे, मी पुसतो. स्वतः इंजिनीयर होता. इतक्या आनंदाने त्याने तो फिल्टर धुतला, की मला लाज वाटली. संध्याकाळी मॅडम आली आणि त्याची पाठ थोपटून मला म्हणाली, याला काहीतरी काम देत जा. मला तो माणूस त्यानंतर सारखा दिसायचा. बॅगेजवळ मी उभा होतो तेव्हाही दिसला असेल. पण त्या बिचाऱ्याला यात कशाला ओढू? भाषा येणार नव्हती, हेही होतं. चाळीशी उलटलेली, पुन्हा कुणाच्या तरी हाताखाली स्क्रू पिळायचे, हेही होतं. खरं एवढंच की ती माझ्या व्हिसावर आहे हे मला आवडायचं. मी किती आवडून घेत होतो हे मला त्या क्षणापर्यंत माहीतच नव्हतं.

उद्या देऊ, म्हटलं. दुसऱ्या दिवशी कागद जनाबियाला नेला आणि स्टोअरमधल्या एका फाइलमध्ये ठेवला. एसीच्या जुन्या सर्व्हिस रिपोर्टांची फाइल, ती माझ्याशिवाय कुणी उघडत नाही. आमसुलं घरी नेली. तिने त्यांची सोलकढी केली. नानांच्या आमसुलांचा रंगच वेगळा म्हणाली. मी दोन वाट्या प्यायलो.

विमानतळावर ईराने माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि झोपून गेली. मानसीने तिला माझ्याकडून उचलून घेतलं आणि म्हणाली, कागद आला की एक दिवससुद्धा थांबू नका, नोकरीची नोटीस मागाहून पूर्ण करा. मी मान हलवली. कागद त्या वेळी माझ्यापासून पंधरा मैलांवर कुलपात होता. त्या दोघी काचेपलीकडे गेल्यावर तिने एकदा मागे वळून हात केला. मला वाटतं मी तिला हाक मारली. ऐकू जाण्याइतकी मोठ्याने नाही.

तेव्हापासून दर शुक्रवारी चार वाजता तिचा फोन येतो. मला सुट्टी असते, तिची जेवणाची वेळ असते. ती एका वृद्धाश्रमात काम करते. मागच्या अंगणात एक बाक आहे, तिथे डबा घेऊन बसते आणि फोन लावते. तिच्या फोनचा एक क्रम होता. आधी, जेवलात का? मग ईरा. मग तिथली एक म्हातारी, जी हिला रोज नव्याने नाव विचारते. आणि शेवटी, अगदी ठेवायच्या आधी, आवाज थोडा खाली आणून — “कागद आयलो?” मराठी माझ्याशी छान बोलते ती, पण हे मात्र कोकणीतच. आणि मीही माझ्या गावच्या बोलीत, “नाय गो. अजून नाय इलो.”

सुरुवातीला काय सांगायचं ते गुरुवारी रात्रीच ठरवून ठेवायचो. पुढे सवय झाली. थापा मारायलाही हात बसतो. साहेबाची बदली झाली. जुनं दफ्तर दुसऱ्या इमारतीत हलवलं. नवा साहेब म्हणतो परत जबाब घ्या. काही नाही सुचलं तर इंशाल्ला, पुढच्या महिन्यात. इंशाल्ला म्हटलं की पुढे कुणी विचारत नाही, हे इथे आल्यावर पहिल्या वर्षीच शिकलो होतो. आणि दर वेळी ती म्हणायची, असू दे, तुम्ही तरी काय करणार. ती माझीच समजूत काढायची, हो. माझीच.

आणखी एक आहे. हे सांगायला त्याहून जड जातंय.

तुम्ही म्हणाल, ती गावी जात नव्हती का? नानांना एका शब्दाने विचारलं असतं तरी पितळ उघडं पडलं असतं. जात होती. एक-दोन वर्षांआड डिचोलीला यायची, मीही इथून पंधरा दिवस जायचो, आणि चार दिवस कुडाळला. म्हणून मी आधीच तजवीज केली. तिला सांगितलं — नानांकडे कागदाचा विषय काढू नकोस, त्यांना वाटतं तू त्यांना दोष देतेस, म्हातारा माणूस आहे. सासऱ्याच्या ठिकाणचा माणूस. ती कशाला काढेल? आणि नानांना सांगितलं — कागद पोचला, पण आमसुलाचा डाग बघून तिकडे नाकारला. दुसरा वकिलामार्फत करायला टाकलाय, पण तुम्ही तिच्यापाशी बोलू नका, ती फार दुखावली आहे.

आमसुलाचा डाग. हे मला सुचलं कसं? त्या माणसाने आठ महिने उन्हात घातले आणि मी त्याला सांगितलं की तुझ्या आमसुलांनी घात केला. पहिल्या वेळी फॉर्म चुकला, दुसऱ्या वेळी पुडी पाझरली — म्हणजे दोन्ही वेळा चूक त्याचीच. त्यानंतर नानांनी आम्हाला कधी आमसुलं पाठवली नाहीत. ती गावी गेली की ते पडवीत बसायचे आणि ती पाणी घेऊन आली तर मान खाली घालायचे. तिला वाटायचं, नाना थकले. एकाच घरात दोघं एकमेकांना जपत होते, आणि मी मधे बसून मासे खात होतो. गेले ते दिवस माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाहीत.

इकडे माझं काय झालं, ते सांगण्यासारखं नाही. सुपरवायझर राहिलो. ज्यासाठी राहिलो ते आहे सगळं. नऊ माणसं हाताखाली आहेत. हूऱ्याच्या त्या घरात ईराने भिंतीवर खडूने काढलेलं विमान आहे. मालकाने घर रंगवायला माणसं पाठवली तेव्हा मी तेवढी भिंत सोडायला लावली. मानसी असताना थंडीच्या दिवसांत सकाळी आम्ही बुदैयाला जायचो, रस्त्याकडेच्या मळ्यांतून मुळा आणि शेपू आणायला. ती शेपूची जुडी मांडीवर घेऊन बसायची आणि सगळ्या गाडीला वास यायचा. अजून जातो. एक जुडी आणतो. एकट्याला एक जुडी फार होते, अर्धी पिवळी पडते, तरी आणतोच.

ईरा तेरा वर्षांची झाली. मी मराठीत बोलतो, तिला सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत देते आणि आता मधेच तिसरी भाषाही येते. एकदा तिने सहज विचारलं की बाबा, तुला इकडे यायचंच नाहीये का? रागाने नव्हे, माहिती हवी म्हणून विचारल्यासारखं. मी म्हणालो, कागद अडलाय बाळा. ती म्हणाली, ओके. आणि एकदा मानसीशी बोलताना मागून कुणीतरी तिला हाक मारली, सुलक्षा! ती पटकन वळली आणि त्यांच्या भाषेत काहीतरी म्हणाली. वळून बघायला तिला आता वेळ लागत नव्हता. तिथे मानसी म्हणणारं कुणीच नाही. त्या नावाची बाई फक्त शुक्रवारी चार वाजता, माझ्या फोनमध्ये असते. मला ती हवी आहे. सात वर्षं रोज हवी आहे — आणि कुलपाची किल्ली माझ्याच खिशात आहे, तरी. याला काय म्हणायचं?

या फेब्रुवारीत ती डिचोलीला आली, वडिलांचं डोळ्यांचं ऑपरेशन होतं. मला रजा मिळाली नाही. नाना आजारी आहेत असं कळलं म्हणून ती एकटीच एक दिवस कुडाळला जाऊन आली. मला आधी काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मी सात नंबरच्या गच्चीवर होतो, तेव्हा नानांचा फोन आला. आवाज इतका मोकळा, की मी क्षणभर ओळखलाच नाही.

“सून इल्ली रे. माका काय ऱ्हवला नाय, मी हात जोडलंय तिका. म्हटलंय, माझ्या आमसुलांनी तुमचो कागद नासवलो. तर माझे हात धरल्यान आणि म्हणता कशी, ‘नाय नाना, तो कागद चल्लो. काम झाला. आता ते येतले.’ सात वर्सां माझ्या जीवाक घोर होतो रे. मगे, तू कधी जातंस?”

मी काय म्हणालो असेन? इंशाल्ला म्हणालो.

गच्चीवर ऊन होतं. मी एसीच्या युनिटला टेकून बसलो. ती काय बोलली होती, ते मी पुन्हा पुन्हा मनात लावून बघत होतो. तो कागद चल्लो. म्हणजे कागद होता, तो पोचला होता, डागाची गोष्ट सांगून नानांना गप्प केलं होतं — हे सगळं तिला त्या पडवीत, नानांचे हात हातात असताना, एका दमात कळलं. आणि ती पहिलं जे बोलली ते त्या म्हाताऱ्याला वाचवायला बोलली. पहिल्यांदाच खोटं बोलली असेल ती. मला झाकलं नाही तिने, गैरसमज नको. तिने नानांना सोडवलं.

मी शुक्रवारची वाट बघितली. काय वाटत होतं सांगू? वाटत होतं, ओरडेल. रडेल. म्हणेल, सात वर्षं? मी उत्तरं तयार केली होती, ट्युनिसच्या त्या माणसासकट. बरोबर चार वाजता फोन आला. जेवलात का? जेवलो. ईराची सहल आहे. त्या म्हातारीला आज हिचं नाव आठवलं, सुलक्षा म्हणाली. मग ती थांबली. नेहमी आवाज खाली आणायची, ती जागा आली. तिच्याकडे पक्ष्यांचा आवाज येत होता, डब्याचं झाकण लावल्याचा आवाज आला.

“बरं,” ती म्हणाली, “ठेवते.”

त्याला आता बावीस शुक्रवार झाले. फोन येतो, एकही चुकला नाही. जेवलात का विचारते, ईराचं सांगते, माझ्या गुडघ्याचं विचारते. आवाजात राग नाही — मी कान देऊन ऐकतो, कुठे तरी असेल म्हणून शोधतो. नाही. फक्त तो एक प्रश्न नाही. जो सात वर्षं मला नको होता, ज्याच्यामुळे शुक्रवारी सकाळपासून माझं डोकं दुखायचं. तो प्रश्न म्हणजे ती मला बोलावत होती, एवढं साधं मला तेव्हा कळलं नव्हतं असं म्हणणार होतो. पण ते खरं नाही. तेव्हाही कळत होतं.

नाना पावसाळ्यात गेले. शेवटी शांत होते, असं शेजाऱ्यांनी सांगितलं. आता जाईल पोरगा बायकोकडे, म्हणत होते.

गेल्या शुक्रवारी मी सकाळी जनाबियाला जाऊन फाइल उघडली आणि कागद घरी आणला. डाग आता लाल राहिला नाही, तपकिरी झालाय. बाकी सगळं जसंच्या तसं — शिक्का, सही, आणि ती दोन नावं. मी तो टेबलावर ठेवला, घड्याळ काढून त्यावर ठेवलं, फॅनने उडू नये म्हणून. चार वाजता फोन वाजला. ती काय बोलली ते मला नीट आठवत नाही, मी कागदाकडेच बघत होतो. सांगायचं म्हणजे चार शब्द होते. विचारायची गरजच नव्हती तिला, मी आपणहून म्हणू शकलो असतो.

मग ती थांबली. नेहमीपेक्षा जास्त थांबली, असं मला वाटलं.

“ठेवू?” तिने विचारलं.

मी म्हणालो, “ठेव.”